धरून ठेवलेली किल्ली

भूत म्हटलं की लोकांना रात्रच आठवते. ही गोष्ट भर दुपारची आहे. गेल्या उन्हाळ्यातला मंगळवार, वेळ एक-सव्वाची.

आणि ती खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. या माणसानं जन्मात एकच थाप मारली असेल. "गाडी संध्याकाळपर्यंत देतो."

आतोबांचं गॅरेज लहान. दोन गाड्या जेमतेम मावतात. पुढे शटर, तिन्ही बाजूंना भिंती, शेजारी लाकडाची वखार. हाताखाली कुणी नाही. सगळे त्यांना 'कानसेन' म्हणतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगून मोकळे.

सोमवारी एक शाळेतल्या बाई पांढरी गाडी घेऊन आल्या. चाळिशीच्या, आवाज जरासा घोगरा.

"हळू झाली की बंद पडते," त्या म्हणाल्या. "पळताना काही नाही. सिग्नलला उभी केली की बंद. पार्किंगमध्ये वळवायला गेले की बंद. तीन मेकॅनिक झाले."

"कधीपासून?"

"गाडी माझ्या भावाची. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हापासून माझ्याकडे आहे." त्यांनी किल्ली आतोबांपुढे धरली. "तेव्हापासूनच."

"ठेवून जा. उद्या संध्याकाळपर्यंत देतो."

आतोबा कामाला लागले. स्कॅनर लावला, तर एकही दोष दाखवेना. इंजिनाला हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी उघडली. आत काजळीचा थर होता, तो साफ केला. हवेच्या एका नळीला बारीक चीर होती, ती नळी बदलली. प्लग नवे घातले. पेट्रोलचं प्रेशर पाहिलं, बरोबर होतं.

"सापडलीस बये," म्हणत त्यांनी गाडी चालू करून उभी ठेवली.

दोन मिनिटं गेली...

बंद.

पुन्हा चालू केली. पुन्हा दोन मिनिटं...

बंद.

असं दहा वेळा झालं. पण आतोबांना खटकलं ते वेगळंच. इंजिन बिघाडानं बंद पडतं तेव्हा आधी अडखळतं, आचके देतं. ही गाडी अडखळतच नव्हती. छान एका लयीत चालायची आणि एकदम गप्प. कुणीतरी किल्ली फिरवून बंद करावी तशी.

त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. "आजार नाही गं तिला," आत्याला म्हणाले. "आजार नाही, आणि तरी मरते."

"मग उद्या परत द्या आणि मोकळे व्हा," आत्या म्हणाली.

पण हट्टापुढे इलाज नसतो. मंगळवारी दुपारी त्यांनी ठरवलं, आज आत बसून ऐकायचं. वखारीतली करवत किंचाळत होती, म्हणून शटर खाली ओढलं आणि आतून कडी घातली.

बेसावध माणूस नव्हे तो. बंद जागेत गाडी चालू ठेवायची नसते हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून सायलेन्सरला रबरी पाईप जोडला आणि त्याचं दुसरं टोक भिंतीतल्या भोकातून बाहेर सोडलं. ते रोजचंच होतं. दोनदा ओढूनही पाहिला. मगच गाडीत बसले, दार लावलं, काचा वर केल्या.

इंजिन चालू झालं.

नजर किल्लीवर.

एक मिनिट...

दीड...

आणि किल्ली हलली.

आधी वाटलं डोळ्यांचा भास. पण नाही. किल्ली सावकाश, अगदी अलगद, बंदच्या बाजूला वळत होती.

दुसरा कुणी असता तर दार उघडून पळाला असता. आतोबांनी किल्ली धरली.

ते सांगतात, बोटांवर दाब आला. गार. जणू दुसऱ्या कुणाची बोटं त्यांच्या बोटांवर होती आणि किल्ली फिरवू पाहत होती. त्यांनीही दात-ओठ खाल्ले, मनगट आवळलं. रोज गंजलेले नट सोडवणारा हात तो, ऐकतोय कुणाला!

"बघतोच," ते म्हणाले. "बघतोच कशी बंद पडतेस."

दाब वाढला. मग थरथरला...

आणि सुटला.

मागच्या सीटवरून एक लांब सुस्कारा आला. हरलेल्या माणसाचा.

आतोबांनी झटकन मागे पाहिलं.

कुणी नव्हतं.

इंजिन मजेत चालू होतं. दोन मिनिटं झाली, तीन झाली, पाच झाली. गाडी बंद पडेना. खरं तर आनंद व्हायला हवा होता. पण त्यांच्या पाठीवरून घामाची धार वाहत होती.

बस झालं, म्हणून त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन चालूच.

किल्ली बाहेर काढली. हातात धरली.

इंजिन चालूच...

टक्. चारही दारांची लॉकं एकदम खाली बसली.

हँडल ओढलं, दार उघडेना. काचेचं बटण मेलेलं. लॉक वर ओढून पाहिलं, ते सिमेंटमध्ये रोवल्यासारखं घट्ट. तेवढ्यात त्यांची नजर आरशात गेली.

सायलेन्सरचा पाईप भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला होता. व्यवस्थित, वेटोळं करून.

भिंतीतल्या भोकातून उन्हाचा एक कवडसा आत येत होता आणि त्यात निळसर धूर तरंगत होता.

आतोबांनी शेजारच्या सीटवरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून काचेवर घातला. सटकला. पुन्हा घातला. सटकला. पायांनी लाथा घातल्या. हॉर्न दाबला, तो वाजेना. घसा फाटेस्तोवर ओरडले. करवत थांबलेली होती, म्हणजे वखारीतली माणसं जेवायला बसली होती. भिंतीच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर. ऐकू जायलाच हवं होतं.

डोकं जड झालं. खोकला आला.

मागच्या सीटवर कुणीतरी खोकलं...

त्यांच्या खोकल्याला उत्तर द्यावं तसं.

"बंद कर," आतोबा म्हणाले. "चुकलो मी. आता नाही धरत किल्ली. कर बंद."

त्यांनी तळहातावर किल्ली ठेवून हात मागे केला. लहान मूल हात पुढे करतं तसा. किल्ली कुणीच घेतली नाही.

डोळे मिटताना शटरवर थापा ऐकू आल्या. डबा घेऊन आत्या आली होती. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. इतकी जवळ होती ती. चार पावलांवर.

आता बाहेर काय झालं ते आत्याच्या तोंडून ऐका.

"मी शटर वाजवलं. 'अहो' म्हटलं. आत चिडीचूप. इंजिनाचा आवाज? छे! टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मला वाटलं, कुठे बाहेर गेलेत. वळले तर आतून एक बाई बोलली..."

आत्या इथे नेहमी आवाज खाली आणते.

"म्हणाली, 'झोपलाय तो. झोपू दे.'"

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत बाई? शटर लावून? आणि माझ्या नवऱ्याला 'तो' म्हणणारी ही भवानी कोण? तिला भूतबीत सुचलंच नाही. ती तरातरा वखारीत गेली, जेवणावरून चार माणसं उठवली आणि म्हणाली, "पहार घ्या. आज सोक्षमोक्षच लावते."

तो संशय आला नसता तर आतोबा आज नसते.

शटर उचकटलं. धूर नव्हता. इंजिन बंद होतं. बॉनेटला हात लावला तर थंडगार. गाडीची दारं एका झटक्यात उघडली. आत आतोबा सीटवर मान टाकून पडलेले, चेहरा लालबुंद, तळहातावर किल्ली.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "बंद जागेत गाडी चालू ठेवली होती का? धुराचा वायू रक्तात भिनलाय. आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता."

संध्याकाळी मी तिथेच होतो. आतोबा शुद्धीवर आले होते. तेवढ्यात शाळेतल्या त्या बाई आल्या. गाडी न्यायला गॅरेजवर गेल्या होत्या, तिथे कळलं म्हणून धावत आलेल्या.

"बरे आहेत का आता?" त्यांनी विचारलं.

आत्यानं माझा दंड इतका आवळला की वळ उठले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"हाच," ती कुजबुजली. "हाच आवाज."

तिनं त्यांना बाहेर बाकावर नेलं. मी मागोमाग गेलो.

"आज दीड वाजता तुम्ही कुठे होता?"

"वर्गात. मुलांची परीक्षा चालू आहे. का हो?"

"मग एक सांगा. 'झोपलाय तो, झोपू दे,' असं तुम्ही कधी कुणाबद्दल म्हणालात?"

बाईंनी तोंडावर हात नेला.

मग सांगितलं. दोन वर्षांपूर्वी अशीच उकाड्याची दुपार होती, घरातली वीज गेली होती. भाऊ गाडीत जाऊन एसी लावून बसला. गाडी घराच्या गॅरेजमध्ये, दार बंद. आईनं जेवायला बोलावून आण म्हणून बाईंना पाठवलं. त्यांनी खिडकीतून डोकावलं. तो मान मागे टाकून, डोळे मिटून पडला होता. त्या स्वयंपाकघरात परत आल्या आणि आईला म्हणाल्या...

वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

"हे फक्त मला आणि आईला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आई गेल्या वर्षी गेली."

आतोबांनी त्या बाईला निक्षून सांगितलं, गाडी विकून टाक. ती तयार नाही. भावाची शेवटची वस्तू आहे म्हणते. शिवाय आता विकायची कशाला? त्या दिवसापासून गाडी एकदाही बंद पडलेली नाही. हळू करा, उभी करा, झकास चालते.

गेल्या आठवड्यात आतोबांनी सहज विचारलं, "बाकी काही त्रास?"

"काही नाही हो," ती हसून म्हणाली. "फक्त सिग्नलला उभी असली ना, की मला फार झोप येते."

तेव्हापासून आतोबा रोज दुपारी, शाळा सुटायच्या वेळेनंतर, तिला फोन करतात. काहीतरी निमित्त काढतात. तिचा आवाज ऐकल्याशिवाय डब्याला हात लावत नाहीत.

काल मी तिथे होतो. डबा समोर होता. फोन स्पीकरवर ठेवलेला.

रिंग वाजत होती...

वाजत होती...

शेवटी उचलला तिनं. "गाडीतच आहे, घरच्या गॅरेजमध्ये पोचले," म्हणाली, जांभई देत. आतोबांनी विचारलं, "इंजिन बंद केलंस?"

पलीकडून पुन्हा एक जांभई ऐकू आली.

"किल्ली तर कधीच काढली..."