शेवटचे चार वाफे

डिसेंबरात मी कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावर बेबीबाई राठोडांच्या हळदीत ओलावामापक बसवले. पाण्यानं भरलेली नळी, खाली सच्छिद्र टोक, वर तबकडी. माती सुकली की नळीतलं पाणी ओढते आणि काटा चढतो. पन्नासच्या पुढे गेला की पाणी द्यायचं. विहिरीत बाराही वाफ्यांना पुरेल असं दोनच पाळ्यांचं पाणी उरलं होतं. गरज तिसरीचीही होती. नाहीतर गड्डे पोसणार नव्हते, आणि वर्षभराचं पीक तेवढंच होतं.

"मॅडम, आमच्या याडीला बी एक घड्याळ बसवा," दिपक आईकडे बघत म्हणाला. "किती बोलते ते तरी कळंल."

"तुझ्या डोस्क्यात बसवा म्हणावं," बेबीबाई म्हणाल्या. "तिथं ओल हाय का बघू."

त्यांचं मोजमाप वेगळं होतं. रोज सकाळी त्या प्रत्येक वाफ्यातून वीतभर खोलीची माती काढत, मुठीत दाबत आणि तो गोळा वाफ्याच्या तोंडाशी ठेवत. गोळा फुटला तर पाणी. बोटांचे ठसे टिकले तर नको. दहा दिवस मी त्यांचे गोळे आणि माझे काटे ताडून पाहिले. त्या एकदाही चुकल्या नाहीत. असा हात मला प्रयोगशाळेतही क्वचितच भेटला आहे.

अकराव्या दिवशी शेवटच्या चार वाफ्यांवर दोन-दोन गोळे होते.

"हे दुसरे कुणाचे?"

"माझे न्हाईत." त्यांनी आपली मूठ शेजारी धरली. गोळ्यांवरचे ठसे बरेच लांब होते. मी भिंगातून पाहिलं. त्यांत कातडीची एकही रेष नव्हती.

बेबीबाईंच्या गोळ्यांचा तिथं भुगा झाला होता. माझा काटा बासष्टवर होता. दुसरे गोळे मात्र ओले, घट्ट.

दिपक ठिबकचे कॉक उघडायला निघाला.

"थांब. या चारांना पाणी नको," बेबीबाई म्हणाल्या.

"काहून? घड्याळ म्हणून राहिलं, तुझी मूठ बी म्हणून राहिली!"

"माझी मूठ वीतभराचं सांगते. हे खालून आलंय."

मी विरोध केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चारही कॉक बंदच ठेवले. चाळीस वर्षांचा आपल्या हातावरचा भरवसा त्यांनी एका सकाळी बाजूला ठेवला. मला ते जमलं नसतं.

दुपारी बाराला काटा उतरू लागला. पन्नास. चाळीस. अठरा.

मी तबकडी बदलली. सतरा.

पाणी कुठूनही आलं नव्हतं. वरची माती भेगाळलेलीच होती.

दोन्ही पाळ्यांत ते चार वाफे वगळले. वाचलेल्या पाण्यात बाकीच्या आठांची तिसरी पाळी बरोबर झाली.

फेब्रुवारीअखेर काढणी निघाली. हळद सगळीकडे पोसली होती, त्या चार वाफ्यांत सर्वांत जास्त. तिथं दिपकनं कुदळीनं भोवतीची माती मोकळी केली, पाला धरून ओढलं. गड्डा हलेना.

"दगडात गुतलाय का काय?"

मी वाकले. गड्ड्याच्या अंगाला माती घट्ट दाबली गेली होती. तिच्यावर लांब ठसे होते, खालून वर आलेले.

दिपकनं पाला सोडून दिला.

बेबीबाई खाली बसल्या. मातीवर तळहात ठेवला.

"झालं आता," त्या हळूच म्हणाल्या. "सोड."

गड्डा अलगद त्यांच्या हातात आला.

खड्ड्यातली माती मुठीसारखी सावकाश मिटत होती.