सड्यावरची बारा चाळीस

वाचून हसायचं तर हसा. सानवी हसत नाही. जे घडलं ते तिने मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा शब्दाचाही फरक पडला नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. जागा, रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या वरचा कातळसडा. आणि वेळ रात्रीची नाही.

भर दुपारची.

सानवी वेळणेश्वरची. सड्यावरचे पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेत तिला पहिलीच नोकरी लागली होती. मे महिन्यात सडा म्हणजे वाळवंटच. मैलभर काळा दगड, झाड नाही, सावली नाही. तिथे आवाज टिपणारी छोटी यंत्रं ठेवायची आणि संध्याकाळी ऐकून कुठला पक्षी कधी बोलला ते लिहायचं, हे तिचं काम. वाट दाखवायला गावातले रावजी होते. साठीचे, एकटे, कमी बोलणारे. मुलगा विनीत मुंबईला.

पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग तिने खोलीवर ऐकलं. टिटवी, चंडोल, वारा.

बारा चाळीसला सगळे पक्षी एकदम गप्प झाले.

मग दगडावर हंडा टेकवल्याचा आवाज…

आणि एक बाई म्हणाली, "कोन हाय काय तिथं?"

पाण्याला आलेली कोणीतरी असेल, असं सानवीला वाटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. बारा चाळीस. शांतता. हंडा. तोच प्रश्न.

तिसऱ्या दिवशी ती स्वतःच यंत्र मांडीवर घेऊन तिथे बसली. रावजी खाली जेवायला गेले होते.

बारा चाळीसला टिटव्या थांबल्या. वारासुद्धा पडला. तिने चारी बाजूंना पाहिलं. कोणी नव्हतं. काही ऐकूही आलं नाही.

संध्याकाळी तिने रेकॉर्डिंग लावलं.

हंडा टेकला. मग श्वास… अगदी यंत्राला तोंड लावल्यासारखा.

"कोन हाय काय तिथं?"

यंत्र तिच्या मांडीवर होतं.

सकाळी तिने ते रावजींना ऐकवलं. वाटलं होतं, ते काहीतरी साधं कारण सांगतील. रावजी खाली बसले. परत लावायला सांगितलं. पुन्हा परत.

"बाय, माजी तुळसा हाय ही," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तेवीस वर्षांपूर्वी गावची विहीर आटली, तेव्हा त्यांची बायको भर उन्हात सडा ओलांडून पलीकडच्या झऱ्यावर गेली होती. हंडा सापडला. ती नाही. त्या दुपारी सड्यावरून हाक आल्यासारखं रावजींना वाटलं होतं. जेवून आडवे झाले होते. उठले नाहीत.

"तेवीस वर्सं इचारते हाय. कोन बोललाच नाय तिला."

सानवीने त्यांना वर एकटं न जाण्याची शपथ घातली. त्यांनी मान हलवली. त्या दिवशी तिला रत्नागिरीला ऑफिसात जावं लागलं. निघण्याआधी यंत्र तिने सड्यावर नेहमीच्या जागी ठेवलं होतं.

संध्याकाळी रावजी घरी आले नाहीत.

गावाने तीन दिवस सडा पालथा घातला. कडे, घळी, झरा. पोलीस आले. काहीच मिळालं नाही.

यंत्र सानवीने आणलं. बारा चाळीस. शांतता. हंडा. तो प्रश्न.

आणि रावजींचा आवाज, अगदी सावकाश… "मी हाय. आलो."

मग हंडा उचलला गेला. आत पाणी डचमळलं. पाठोपाठ अनवाणी पावलं. दोघांची. लांब, लांब जात राहिली. किती तरी वेळाने टिटवी ओरडली.

तिने ते पोलिसांना ऐकवलं. त्यांना नुसता वारा ऐकू आला. संस्थेतल्या लोकांनाही वाराच. विनीत मुंबईहून आला, त्याने कानाशी धरून तीनदा ऐकलं. त्यालाही वारा. तरी त्याने ती फाईल आपल्या मोबाईलवर घेतली. बापाची शेवटची वस्तू म्हणून.

सानवीने नोकरी सोडली.

गेल्या आठवड्यात विनीतचा फोन आला. आवाज शांत होता. त्याने तिची, घरच्यांची विचारपूस केली. मग म्हणाला, "मॅडम, रोज ऐकतो मी. आता थोडं थोडं ऐकू यायला लागलंय. बाबा नाही, आई."

पुढे त्यानेच विचारलं,

"ती काहीतरी विचारते आहे ना? नीट कळत नाही. काय म्हणते, तेवढं सांगाल?"

तिने फोन ठेवला. त्यानंतर त्याचे चार फोन येऊन गेले. सगळे दुपारचे.

तिने अजून एकही उचललेला नाही.