भागीरथेचा नंबर

"आक्का, तुमचा नंबर एका कागदावर लिवून द्या ना. ह्यायच्या ध्यानात राहाचा नाही. सकाळी नागपूरची गाडी आली का फलाटावरच वर्तमानपत्र घेतो म्हनत होते."

शकुनने कागद पुढे केला, आणि भागीरथेचा हात जागच्या जागी थिजला. दोन महिन्यांच्या लेकीला खांद्यावर टाकून आपली भावजय किती आशेने आपल्याकडे पाहत आहे... त्या नजरेला नजर देण्याचे धैर्य तिच्यात उरले नव्हते. तिने कागद घेतला, मान खाली घालून आकडे लिहिले. सुवाच्य, गोल, एकाखाली एक न जाता एका ओळीत. जो नंबर उद्याच्या निकालाच्या यादीत कुठेच असणार नव्हता, तो तिने स्वतःच्या हाताने लिहून दिला.

बडनेऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमधली ती दोन खोल्यांची जागा त्या दिवशी सकाळपासून उद्याच्या तयारीत गुंतली होती. शकुनने अंगण सारवले होते, उन्हाळ्यात केलेल्या शेवया डब्यातून काढून ठेवल्या होत्या. म्हातारे पुंजाजी, भागीरथेचे वडील, रुळांच्या कामावरून आले ते चार घरी सांगूनच आले, की माझी लेक बाहेरून मॅट्रिकला बसली होती, उद्या निकाल आहे. चांदूर रेल्वेच्या शाळेतले किसनराव गुरुजी त्यांना म्हणाले होते, "पोरगी पास झाली का माह्याकडं धाडा, एक जागा रिकामी हाय." तेव्हापासून पुंजाजींच्या चालण्यात वेगळाच ताठा आला होता. आणि हे सारे पाहताना भागीरथेच्या काळजात जणू कुणी सुरी फिरवत होते.

कारण ती एका पेपराला गेलीच नव्हती.

तीस वर्षांची भागीरथा तीन वर्षांपूर्वी बाळापूरहून माहेरी परत आली, तेव्हा तिच्याजवळ अंगावरच्या लुगड्याशिवाय काही नव्हते. आठ वर्षे संसार करूनही कूस उजवली नाही म्हणून नवऱ्याने, जानरावने, दुसरी बायको केली होती. भागीरथा लग्न होऊन त्या घरात आली त्याच महिन्यात घरचा बैल मेला, त्याच साली सासरा गेला... "पांढऱ्या पायाची" हे नाव तिला तिथेच चिकटले. लग्नाआधी ती सातवी पास झाली होती. आई वारल्यावर धाकट्या धर्मपालला तिनेच वाढवले होते, स्वतःची शाळा सोडून. तोच धर्मपाल आता मालगाडीवर गार्ड होता, आणि त्याच्याच जुन्या पुस्तकांवर तिने धुणी-भांडी उरकून, चुलीपुढे बसून अभ्यास सुरू केला होता. शिकवणी नाही, वर्ग नाही, विचारायला कुणी नाही. बीजगणिताचे एक उदाहरण सुटायला कधी कधी चार दिवस लागत.

या वर्षी जानरावची दुसरी बायको माहेरी निघून गेली, आणि त्याचा निरोप आला, भागीरथेला परत पाठवा. घरचे करायला माणूस हवे होते, एवढाच त्याचा अर्थ. पुंजाजींनी लेकीला समोर बसवून सांगितले होते, "मी म्हातारा झालो भागी. उद्या मी गेल्यावर तुले कोन पाहीन? तुले मॅट्रिक कराचं हाय, कर. पास झाली तं नोकरी कर, मी बाळापूरले नाही म्हनून कळवतो. पन नापास झाली तं तुले तिकडं जा लागन. दुसऱ्यांदा मी आयकनार नाही."

त्या एका वर्षात शकुननेही तिला कमी पोळले नव्हते. पोटुशी राहिल्यापासून ती भागीरथेच्या हातचे ताटही घेत नसे. शेजारणीजवळ ती एकदा म्हणाली होती, "वांझेची सावली नको माह्या पोटावर." भिंतीपलीकडून भागीरथेने ते ऐकले होते, आणि पुस्तकाचे पान ओले झाले म्हणून ते उन्हात वाळत ठेवले होते.

आणि मग तो दहा एप्रिलचा सोमवार उजाडला. गणिताचा पेपर अकरा वाजता, अमरावतीच्या केंद्रावर. धर्मपाल गाडीवर गेलेला, पुंजाजी लाइनवर. भागीरथा दौत-टाक रुमालात बांधून दाराबाहेर पाऊल टाकणार, एवढ्यात आतून शकुनची किंकाळी आली. दिवस भरायला तीन आठवडे बाकी होते. जमिनीवर पडलेल्या शकुनच्या लुगड्यावर रक्त पसरत होते.

"आक्का... तुमचा पेपर..."

"आज सुट्टी हाय," भागीरथा म्हणाली. कोणताही विचार न करता, जणू ते वाक्य तिच्यासाठी आधीच कुणी रचून ठेवले होते. "ऊठ, माह्या गळ्यात हात घाल."

तिने टांगा आणला, शकुनचे डोके मांडीवर घेऊन तिला अमरावतीच्या दवाखान्यात नेले. तिथून परीक्षेचे केंद्र अर्ध्या कोसावर होते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरचं माणूस तुम्हीच ना? इथून हलू नका. रक्त द्यावं लागेल कदाचित." भागीरथेने बाही वर केली. कुठल्याशा घड्याळात अकराचे ठोके पडले ते तिने एकेक करून ऐकले... रक्त काढून झाले, साडेअकरा झाले, आता दार बंद झाले असेल, आता मुलांनी पहिले उदाहरण सोडवले असेल. एक वाजता नर्सने तिच्या हातात कापडात गुंडाळलेला एक लहानसा जीव आणून दिला. मुलगी होती. जगली होती. तिची आईही जगली होती.

संध्याकाळी पुंजाजी आणि शेजारपाजारचे लोक दवाखान्यात जमले, सारे आनंदात होते. तेव्हाच सांगता आले असते. पण शेजारची एक म्हातारी बाळाला पाहून म्हणाली, "पहिली बेटीच झाली का? पाहू आता, पायगुन कसा हाय ते." ते शब्द कानी पडले आणि भागीरथेचे ओठ मिटले ते मिटलेच. पेपराचे विचारणाऱ्यांनाही तिने तीच सुट्टी सांगितली. या लेकराच्या जन्मापायी आत्याचे वर्ष बुडाले, हे एकदा घरात बोलले गेले की जन्मभर ते तिच्या मागे लागणार होते. ते नाव अंगावर घेऊन जगणे काय असते, हे भागीरथेशिवाय त्या घरात कुणाला ठाऊक होते?

उरलेले पेपर तिने दिले. चांगले दिले. आणि दोन महिने ती निकालाच्या दिवसाची वाट पाहत राहिली, फाशीच्या कैद्याने पहाटेची पाहावी तशी.

सकाळी धर्मपाल स्टेशनवरून आला तेव्हा त्याच्या हातात वर्तमानपत्राची घडी होती आणि चेहरा उतरला होता. बाहेरून बसलेल्यांची यादी त्याने तीनदा पाहिली होती. मागचा नंबर होता, पुढचा होता, मधला नव्हता.

चुलीवर शेवयांना उकळी आली होती. शकुनने पातेले उतरवून ठेवले. पुंजाजींनी वर्तमानपत्राची घडी बाजूला सारली. मग म्हणाले, "आयतवारी जानरावले बोलावतो. सामान बांधून ठेव."

"हो बाबा," भागीरथा म्हणाली.

तिच्या त्या शांतपणानेच धर्मपालला चैन पडेना. जिने स्वतः शिकता शिकता आपल्याला पाढे शिकवले, ती आक्का नापास होईल यावर त्याचे मन बसत नव्हते. तो तसाच अमरावतीला गेला, परीक्षेच्या केंद्रावर हेडक्लार्कला भेटला. दुपारी तो परतला तेव्हा भागीरथा पेटीत पुस्तके भरत होती आणि पुंजाजी उंबऱ्यावर बसले होते.

"आक्का, तू गनिताच्या पेपराले गेलीच नाहीस," धर्मपाल म्हणाला. "हजेरीत गैरहजर लिवलं हाय. म्या डोयानं पाहिलं. दोन महिने तू आमाले झुलवत राहिली? बाबायनं गावभर सांगतलं, किसनराव गुरुजींनं जागा ठेवली... भेव वाटलं होतं तं सांगाचं होतं. काहून खोटं बोलली?"

भागीरथेने पेटीचे झाकण लावले. "चुकलं माह्यं."

"येवढंच? सोमवारी, दहा एप्रिलले, घरून निंगून तू गेली कोठी?"

पाळण्याची दोरी ओढणारा शकुनचा हात थांबला.

"दहा एप्रिलले," ती हळूच म्हणाली, "आपली पोरगी झाली."

धर्मपालने वळून तिच्याकडे पाहिले. त्या दिवशी तो अकोल्याच्या पुढे होता, घरी आला तो दुसऱ्या दिवशी. बोलता बोलता तोंडातून निघालेल्या तारखेचा अर्थ आता त्याच्या ध्यानात येऊ लागला.

शकुन उठली. "म्या विचारलं होतं, आक्का. तुमचा पेपर, म्हनून विचारलं होतं. तुमी म्हनल्या, सुट्टी हाय. माह्या मनात आलं होतं का हे खोटं हाय... तुमच्या हातात रुमाल होता, टाक होता. पन मले जगाचं होतं. म्या पुढं काई विचारलंच नाही." तिने तोंडाला पदर लावला. "मले वांझेची सावली नको होती. अन् तुमचंच रक्त माह्या अंगात हाय. तुमी मले लाथ माराची होती आक्का, अन् पेपराले जाचं होतं."

"असं बोलू नये," भागीरथा म्हणाली.

"मंग मागून तरी काहून नाही सांगतलं?"

भागीरथेने पाळण्याकडे पाहिले. इतक्या दिवसांत प्रथमच तिचे डोळे भरून आले. "पोरीले लोकायनं पांढऱ्या पायाची म्हनलं असतं. मले म्हनलेलं पुरे झालं, शकुन. ते आपल्या घरात पुन्हा नको."

शकुनने पाळण्यातून लेक उचलली आणि भागीरथेच्या मांडीवर ठेवली. मग तिच्या पायाशी बसून, गुडघ्यावर डोके टेकून ती हमसून हमसून रडू लागली. धर्मपाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुंजाजी उंबऱ्यावरून उठले, चपला घातल्या आणि बाहेर निघून गेले.

ते रात्री आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आले तेव्हा अंगावर धूळ होती आणि डोळे जागरणाने लाल झाले होते. माठातले पाणी पिऊन ते भागीरथेसमोर बसले. सदऱ्याच्या आतून त्यांनी एक कागद काढला.

"बाळापूरले गेलो होतो," ते म्हणाले. "पाच पंच बसवले. हे घे. तूच वाचून पाह्य बरोबर लिवलं हाय का. मले तं वाचता येत नाही, त्यायनं काहीही लिवून देलं असन."

भागीरथेने कागद उलगडला. ती मोठ्याने वाचू लागली. जानरावने आपली बायको भागीरथा हिला राजीखुशीने फारकत दिली आहे, तिच्यावर त्याचा कोणताही हक्क उरला नाही... स्वतःचे नाव तिने दोनदा वाचले. पुंजाजी गुडघ्यांभोवती हात बांधून ऐकत होते. खाली पाच सह्या आणि अंगठे होते, तेही तिने वाचले.

"पुढं वाच," पुंजाजी म्हणाले.

"पुढं काही नाही बाबा. इथंच संपते."

"मंग झालं." म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्याने डोळे पुसले, थोडा वेळ तसाच डोळ्यांवर धरून ठेवला. "धर्मपाल आता टेसनावर भेटला, म्हनते, ऑक्टोबरात पुन्हा परीक्षा असते. ते पेटीतले पुस्तकं भाईर काढ, भागी. गनिताचं आधी काढ."