दार उघडं ठेवून केलेले फोन

आलापल्लीच्या बसस्टँडसमोर सोमाजीचा एसटीडी बूथ होता. सोमाजीचा एक पाय पोलिओनं गेलेला म्हणून अपंगांच्या कोट्यातला हा बूथ त्याच्या नावावर. पण फोन सांभाळायची त्याची पोरगी करिष्मा. वीस-एकवीस वर्षांची, बारावी झालेली, आणि जिभेला धार अशी की उधारीवर फोन करायला आलेला माणूस रोख देऊन जाई.

श्रावणातल्या एका मंगळवारी दुपारी एक तरणा माणूस गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून दारात उभा राहिला.

"चंद्रपूरले फोन करायचा होता…"

"आधी पाय पुसा."

त्यानं गळ्यातला रुमाल काढला, मुकाट्यानं पाय पुसले आणि काचेच्या खोलीत शिरला. दार मात्र लावलं नाही. मग काय, करिष्माला सगळं ऐकू आलं. प्रणित त्याचं नाव. भामरागडच्या रस्त्यावर जुनी जीप चालवायचा; मास्तर, बाजारची माणसं, दुखणाईत, सगळ्यांना न्यायचा. आज ती जीप नाल्यात रुतली होती, आणि शेजारचा नूर मोहम्मद मिस्त्री ती ओढायला गेला होता. म्हणून हा नव्या गाडीची चौकशी करत होता… चारही चाकांनी ओढणारी, चिखलात न अडकणारी. किंमत किती? सर्व्हिसिंग कुठं? पार्ट किती दिवसांत? आलेली उत्तरं तो मोठ्यानं परत म्हणत गेला: पाच लाख वीस हजार, चंद्रपूरलाच, आणि पार्ट हवा तर येऊन न्या.

बाहेर येऊन तो म्हणाला, "लय महाग हाये."

"फोन का गाडी?"

"दोनी."

"रात्री नवाच्या नंतर फोन अर्ध्या भावात लागते."

त्यानं मान हलवली, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा भर दुपारी दोनला आला. त्याच्या पुढच्याही. अशा माणसाला एक तर हिशेब कळत नाही, नाही तर दुसरंच काही कळलेलं असतं. करिष्मानं मनाला समजावलं, हिशेबच कळत नसेल. पण मंगळवारी वेणी दोनदा घातली जाऊ लागली, हे तिच्या आईच्या नजरेतून सुटलं नाही.

गाडीचं घोडं मात्र डीलरपाशी अडलं होतं. नूर मोहम्मद म्हणायचा, जुनी जीप मी तारेनं बांधून चालवीन. नवीचा एक बोल्ट गेला तर चंद्रपूर गाठा, जायला एक दिवस, यायला एक दिवस. गाडी उभी राहील, बँकेचा हप्ता उभा राहणार नाही. ते खरंच होतं. मग चंद्रपूरपलीकडच्या कोरपन्याला जाऊन राहायचं प्रणितच्या डोक्यात आलं. तिकडं सिमेंटवाले खाणीवर फिरायला अशाच गाड्या महिन्याच्या भाड्यानं लावतात, आणि डीलरही जवळ. हे तो आपल्या दोस्ताला फोनवर सांगत होता… दार उघडं ठेवून.

कोरपना म्हणजे इथून सगळा दिवस एसटीत. त्या दिवसापासून करिष्माचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. रस्त्यावर जीप वाजली की ती उठायची. दुसऱ्याचीच निघाली की बसायची, पुन्हा उठायची. सागाच्या पानांवर पाऊस वाजत राहायचा, आणि तिला तोही ओरडल्यासारखा वाटायचा.

एका बुधवारी डीलरच्या माणसाचा फोन आला. प्रणितभाऊंना निरोप द्या, एक गाडी आली आहे, शनिवारपर्यंत आगाऊ रक्कम भरली नाही तर दुसऱ्याला जाईल. निरोप आला की चिठ्ठी लिहून दारातल्या खिळ्याला लावायची आणि निरोपाचे दोन रुपये घ्यायचे, अशी बूथची रीत. करिष्मानं चिठ्ठी लिहिली. खिळ्यापर्यंत गेली… आणि परत येऊन ती फोनच्या मीटरखाली सरकवली.

गुरुवारी प्रणित आला. झाड पडून फोनची लाइन गेली होती, तरी अर्धा तास बाकावर बसला. जाताना विचारलं, माझा काही निरोप? ती म्हणाली, नाई. त्यावर तो हसला. जणू निरोप नसल्याचंच त्याला बरं वाटलं. ते हसू पोरीला रात्रभर टोचलं.

शुक्रवारी सकाळी लाइन आली. करिष्मानं आधी डीलरला फोन लावला, बापाच्या बूथवरून, स्वतःच्या पैशानं. पार्ट एसटीत टाकून द्याल काय, एवढंच तिला विचारायचं होतं. बसस्टँडसमोर जन्म काढलेल्या पोरीलाच ते सुचावं. तो माणूस म्हणाला, सकाळी दहाच्या आत कोणी फोन करून पार्टचा नंबर सांगितला तर दुपारच्या आलापल्ली गाडीत देऊ, संध्याकाळी हातात. मग हसून म्हणाला, त्या भाऊंनी हे कधी विचारलंच नाही. दर वेळी तेच तीन प्रश्न, आणि वर म्हणतात सावकाश सांगा. मागच्या वेळी नवीन विचारलं, पुढच्या सीटवर बाईमाणसाला चढायला पायरी आहे काय?

करिष्माच्या हातात रिसीव्हर तसाच राहिला. मीटर पळत होतं.

मग ती पावसातच निघाली. नूर मोहम्मदच्या गॅरेजात प्रणित जीपखाली आडवा होऊन बोल्ट आवळत होता. तिनं चिठ्ठी त्याच्या हातात दिली. तो बाहेर सरकला, वाचली.

"हे तं बुधवारचं हाये."

"मीच दाबून ठेवलं."

"काऊन?"

"तुमी कोरपन्याले जाल म्हणून." बोलून गेली आणि मग जिभेला धार आली. "रागवा. पण आधी आइका." आणि तिनं एसटीचं सगळं सांगितलं.

त्यानं चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. पत्र्यावर पाऊस तडतडत होता.

"दहाच्या आत फोन कोन करन? मी तं जंगलात राहीन."

"बूथ कोनाचा हाये?"

"अन्… किती दिवस करशील?" तुमीचं तू झालं, ते त्यालाही उशिरा कळलं.

"गाडी चालन तवरीक."

"जुनी झाली तं?"

"नवीचा भाव विचारू."

तो उठला आणि सरळ बूथवर आला. न सांगता पाय पुसले. गडचिरोलीचा नंबर फिरवला, आणि पहिल्यांदाच काचेचं दार ओढून घेतलं.

करिष्माला नुसते ओठ हलताना दिसत होते. ती उठली, बसली, पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं. तो बाहेर आला तेव्हा कानांपर्यंत लाल झाला होता.

"डीलरले केला?"

"त्याले उद्या जाऊन भेटतो. मामाच्या घरी केला, आय तिथी हाये."

"मंग दार काऊन लावलं?"

"डीलरशी बोलनं तुले आइकवाचं राहे… आयशी बोलताना लाज वाटली."

"काय म्हनली आय?"

"रविवारी येतो म्हनली. सोमाजीभाऊले भेटाले."

करिष्मानं खाली मान घालून बिल फाडलं. अठरा रुपये. त्यानं विसाची नोट ठेवली. ती दोनचं नाणं परत देऊ लागली तर तो म्हणाला, "राहू दे. बुधवारच्या निरोपाचे."

ते नाणं तिनं गल्ल्यात टाकलं नाही.