कौसल्येने पदरात घेतलेला दोष

"सांग ना, आई! हा रोग तुले कोठून लागला?"

चुलीवर खिरीचे पातेले उकळत होते, अंगणातल्या मंडपात पाहुणे जमत होते, आणि पित्याच्या मृत्यूनंतर दरवर्षी होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या त्या पवित्र दिवशी प्रेमानंदाने जन्मदात्रीलाच हा विषारी प्रश्न विचारला... हुडकेश्वरातील त्या घराच्या भिंतीही जणू लज्जेने थिजल्या!

आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितले होते. गर्भाशयाच्या मुखाशी कर्करोगाची सुरुवात आहे, एच.आय.व्ही.सह दीर्घकाळ जगणाऱ्या देहाचा पहारा ढिला पडतो, तिथे ठाण मांडलेला दुसरा विषाणू हटत नाही, पेशींमधल्या डीएनएला इजा करत राहतो, म्हणून हा धोका अधिक. परंतु वेळेत सापडला आहे, शस्त्रक्रिया करा, रोजच्या गोळ्या मात्र सोडू नका. मुलाला क्षणभर बाहेर पाठवावे, हे भयाने गोठलेल्या कौसल्येला सुचलेच नाही! आणि प्रेमानंदाच्या कानात शिरला तो एकच शब्द... एच.आय.व्ही.!

"बाबा टीबीनं गेले. देवमाणूस होते ते! मंग तुलेच काहून?"

कौसल्येचे हृदय विदीर्ण झाले. एका वाक्यात ती निर्दोष ठरली असती... पण त्या वाक्याने या लेकराचा देव भंगला असता!

"चूक मायीच समज, बापू," ती पुटपुटली. "मी सावनेरले बहिणीकडे जातो. ऑपरेशन नको, काही नको."

"अवो सासूबाई, असं काय बोलता!" सून दीक्षा कळवळली, मग नवऱ्याकडे वळली. "अन् तुमी बी! आईसंग असं बोलतात का?"

"तू चूप राय!" प्रेमानंद तिच्यावर खेकसला.

"तू चूप राय, भल्या!" दारात कौसल्येचे थोरले दीर देवराव संतापून उभे होते. "मायले आरोपी करून राहिला? तुया बापानंच बाहेरून आणला तो रोग अन् हिच्या पदरात टाकला! टीबी तर मागून झाला. मले शपथ घातली होती इनं... आज मोडली, जा!"

चुलीवरची खीर खाली लागली तरी कोणी हलले नाही. प्रेमानंद आईकडे वळला.

"आई... मले सांगितलं काहून नाही?"

"तू लहान होता, बापू. तुले देवमाणसाचं लेकरू म्हणून ताठ मानेनं शाळेत जाताना पाहाचं होतं मले."

तो हंबरडा फोडून तिच्या पायांवर कोसळला आणि दुसऱ्याच क्षणी त्वेषाने उठला. "आत्ता मंडपात जातो! सगळ्यायले सांगतो का तो कसा माणूस होता!"

कौसल्येने त्याचा हात घट्ट धरला. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी मिटलेले ते ओठ प्रथमच स्वतःसाठी उघडले...

"त्याले राहू दे. तो गेला. मले अजून जगाचं हाय, प्रेमा! उद्या डॉक्टरीणबाईकडे घेऊन चल मले."