हाताच्या अंतरावरची कवचं

कवचवाचन आल्यापासून समुद्राला काही लपवता येईनासं झालं होतं. होडीच्या तळाला चिकटून वाढणारे बारीक जीव आपल्या कवचावर थरावर थर चढवत जातात. पाणी उबदार असेल तर थराची घडण एक, गार असेल तर दुसरी. ते थर यंत्राखाली धरले की होडी कुठे कुठे भरकटली ते नकाशावर उमटतं.

त्याच कामासाठी डॉ. ओवी देवस्थळी आंबेवेळ बंदराच्या संग्रहालयात आली होती. तिथे जुन्या नांगरांच्या आणि जाळ्यांच्या मधोमध 'भद्रकाली' होडी ठेवलेली होती. वीसेक वर्षांपूर्वी पावसाच्या तोंडावरच्या वादळात गेलेली, पाच महिन्यांनी परक्या किनाऱ्याला रिकामीच लागलेली. तिच्यावर एकटा दिगंबर मोंडकर होता. त्याची बायको रोहिणी सकाळपासून दालनात येरझाऱ्या घालत होती.

"काकी, बसा ना."

"बसवत नाही गो. काय ते सांगून टाक."

ओवीने होडीच्या कडेखाली हात नेला. "तळाची कवचं पाच महिन्यांची आहेत. पण इथली, वरून वाकून हात पोचेल तेवढ्या पट्ट्यातली, कोवळी आहेत. पुन्हा पुन्हा खरवडलेली."

"माशांनी खाल्ली असतील."

"सुरीचे ओरखडे आहेत, काकी. खायला काढलेली." ओवी अडखळली. "शेवटचं खरवडणं तिसऱ्या महिन्यातलं. पाणी आपल्याच बाजूचं, खाड्यांचं गोडं पाणी मिसळलेलं."

रोहिणीने होडीचा आधार घेतला. "आठवड्यातच शोध थांबवायला लावला मी. दीर रोज उधाणात होडी घालत होता. एक गेला, दुसरा नको म्हटलं. सगळ्या गावाने शहाणी म्हटलं मला."

"हे अहवालात नाही लिहिलं तरी चालेल."

रोहिणी बराच वेळ त्या कोवळ्या पट्ट्यावरून बोटं फिरवत राहिली. "लिही. तो जगायला धडपडत होता, हे तरी लोकांना कळू दे."

लोकांना कळलं. पुढच्या हंगामात खालच्या वाडीतला भार्गव केळुसकर होडीसकट बेपत्ता झाला, तेव्हा महिना उलटला तरी शोध थांबेना. 'पुरे' म्हणायला कुणी धजेना. शोधायला गेलेली एक होडी खडकावर फुटली, दोन माणसं गेली. तरी होड्या निघतच राहिल्या.

एका सकाळी भार्गवची बायको तन्वी हिने धक्क्यावर रोहिणीचा हात धरला.

"काकी, पाणी खवळलंय आणि माझा भाऊ निघालाय. थांबवू त्याला?"

रोहिणीने तोंड उघडलं. तन्वी तिच्या ओठांकडे बघत राहिली, आणि खाली तिच्या भावाने धक्क्याचा दोर सोडला.