तोंडावरचा निकाल

जिना उतरताना तो प्रत्येक पायरीवर उजवा पाय आधी ठेवत होता. हात कठड्यावर नव्हता, चेहराही शांत होता. पण डावा पाय एकदाही पुढे आला नाही. सांगलीची एसटी मलकापुरात बंद पडली होती. बाहेर भुरभुर पाऊस, आणि हॉटेलच्या छपराखाली चहा घेत संयोगिता हे बघत होती. ती फिजिओथेरपिस्ट. माणसाच्या चेहऱ्याआधी तिला त्याचे गुडघे दिसत.

“उजवा गुडघा कधीपासून दुखतोय?” तिने विचारून टाकलं आणि लगेच जीभ चावली.

त्या उंच माणसाने मान वाकवून तिच्याकडे पाहिलं. “आवं मॅडम, पाय बघून पत्रिका सांगता व्हय?”

खरोखरच त्याची पत्रिका सांगायची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. सांगलीच्या ज्या बास्केटबॉल क्लबात ती रुजू झाली, त्याच क्लबाने फलटणच्या या इंद्रजितला सगळ्यांत जास्त मानधन देऊन आणलं होतं. निम्मा हंगाम सरला तरी त्याची उडी जेमतेमच होती, आणि कमिटीत कुजबुज सुरू झाली होती... एवढे पैसे मोजून याला ठेवायचा, की सोडायचा? अध्यक्ष नानासो मूळचे पैलवान. आपल्या तालमीचा रिवाज त्यांनी इथेही चालवला होता: गड्याचा निकाल त्याच्या माघारी लावायचा नाही, तोंडावर सांगायचा. आणि गुडघ्यातलं फिजिओलाच कळणार, म्हणून तो संयोगिताने सांगायचा.

तिला निकाल पहिल्याच तपासणीत कळला होता. सांध्यातली गादी, म्हणजे कूर्चा, झिजली होती. असाच उड्या मारत राहिला तर पुढे साधं चालणंही अवघड. तरीही नानासोंनी विचारलं की ती म्हणे, अजून थोडं बघू. कारण रोज संध्याकाळी इंद्रजित गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून तिच्यासमोर बसे. घरच्या उसाच्या, फौजेतल्या भावाच्या गोष्टी सांगे, आणि ती हसली की सांगता सांगता मध्येच विसरून जाई. सोडला, तर तो फलटणला जाणार होता.

“दुखतंय?” ती विचारी.

“न्हाई.”

“मग इथे दाबल्यावर श्वास का रोखला?”

“ते… तुमी जवळ आला म्हणून.”

ती मान खाली घालून पट्टी गुंडाळत राही — जरा जास्तच सावकाश.

एका सरावात तो उडी मारून खाली आला तो सरळ गुडघ्यावरच. उठला, हसला, पोरांना काही नाही म्हणाला. पण खोलीत येईपर्यंत त्याचे ओठ पांढरे पडले होते. इतके दिवस दुखणं का लपवलंत, असं तिने विचारलं. त्याने बर्फाची पिशवी गुडघ्यावरून बाजूला ठेवली.

“दुखतंय म्हटलं असतं, तर तुमी मला सोडायला सांगितलं असतं. मग रोज भेटायचं कसं?”

संयोगिताचे हात थांबले. म्हणजे दोघंही एकच गोष्ट लपवत होते, आणि त्यापायी एक गुडघा वाया चालला होता. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की तिने तिथल्या तिथे नानासोंना बोलावून घेतलं.

“यांना सोडा, नानासो. या गुडघ्यावर आता एकही सामना नको. मी हे आधीच सांगायला हवं होतं.”

नानासोंनी सुटल्यासारखा लांब श्वास सोडला. त्याला आणा म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता. आता सोडा म्हणणं त्यांच्याने होत नव्हतं. इंद्रजितचे खांदे सैल पडले.

“लय बरं वाटलं,” तो म्हणाला. “निदान आता लंगडता तरी यील. उद्या फलटणला—”

“फलटणला नाही.” नानासो दारातच उभे होते, तरी ती थांबली नाही. रिवाजच होता, तोंडावर सांगायचं. “उपचार इथे व्हायचेत. आणि ते संपल्यावरही तुम्ही इथेच राहायचं, इंद्रजित. मला तुमच्याशी लग्न करायचंय.”